चौथा भाग

लिफ्टवाल्याने पुस्तकांच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं पुस्तक ओढून काढलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि थेट शेवटचं पान उघडलं.

"अहो, जेवणाआधीच ढेकर?" काउंटरमागून दुकानदारीणबाई म्हणाल्या.

ओठ हलवत त्याने पान संपवलं. नायिकेने आपली मान प्रियकराच्या सुळ्यांपुढे धरली होती, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात दोघांचीही सावली पडत नव्हती. त्याने पुस्तक मिटून बाजूला सारलं.

"म्हणजे ही मरते."

"मरत नाही हो, अमर होते."

"त्यासाठी आधी मरावं लागतंच ना?"

पॅरानॉर्मल रोमान्सची, म्हणजे भुताखेतांच्या प्रेमकथांची, ही मांडणी दुकानदारीणबाईंनी हौसेने दाराशी लावली होती. तिच्यापुढे उभं राहून असला हिशेबी प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. लिफ्टवाला या पुस्तकांना घरी 'भुतांची लफडी' म्हणायचा. पण गेला महिनाभर दर रविवारी तो इथे येत होता आणि एकामागून एक मालिका नापास करत होता.

त्याची मुलगी ही पुस्तकं वाचायची. लग्न ठरलेला मुलगा गेल्या वर्षी अपघातात गेला, तेव्हापासून तिने चष्म्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती आणि घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. वाचते तेवढं तरी बरं, असं आईबापांना वाटायचं. मग एका संध्याकाळी एक मालिका संपली. त्या मालिकेची नायिका मेलेल्या प्रियकराच्या मागोमाग कड्यावरून उडी घेते. मुलीने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि अगदी सहज, भाजी बरी झालीय म्हणावं तशी म्हणाली, "गेली ती त्याच्याकडे. बरं झालं."

आईच्या हातातला डाव तिथेच थांबला. त्याच संध्याकाळी लिफ्टवाल्याने मुलीच्या खोलीची आतली कडी काढली. स्क्रू गंजलेत, असं सांगितलं. आणि पुढची पुस्तकं आणायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

लिफ्ट तपासायची त्याची रीत ठरलेली होती. तो आधी खालच्या खड्ड्यात उतरायचा. दोर तुटलाच तर झेलायला तळाशी काय आहे ते पाहायचं, आरसे आणि दिवे नंतर. या रीतीमुळे त्याच्या हाताखालून गेलेल्या लिफ्टमध्ये कधी कोणाला खरचटलंही नव्हतं. पुस्तकांनाही त्याने तोच नियम लावला.

"मग ही बघा," दुकानदारीणबाईंनी काउंटरखालून एक खोकं काढलं. "नवी आहे. धरणात एक गाव बुडालंय आणि त्या गावचा पोस्टमन रोज पाण्यातून वर येतो, पत्रं वाटायला. धरणाच्या दरवाज्यांवर काम करणारी एक मुलगी आहे, तिच्या नावाचं पत्र काही त्याला सापडत नाही. भूत खरं वाटलं पाहिजे आणि प्रेम त्याहून खरं, तर ती मालिका. नाहीतर पहिल्या भागात चावतात आणि दुसऱ्या भागात जांभया देतात."

त्याने तिसरा भाग काढून शेवटचं पान उघडलं. एक बाई बाह्या सरसावून दुकानाचं अडकलेलं शटर ठोकत होती. ते धाडकन वर गेलं तशी ती हसली, तिने चहा मागवला, आणि उद्यापासून दुकान लवकर उघडायचं असं तिने ठरवलं. बस्स. लिफ्टवाल्याने ते पान पुन्हा एकदा वाचलं. इतकी धडधाकट बाई या मांडणीवर त्याला आजवर भेटली नव्हती.

"हीच द्या," तो म्हणाला. खोक्यात तीन भाग होते आणि खोकं गच्च भरलेलं होतं, म्हणजे मालिका पुरी, असं तो धरून चालला.

मालिका मुलीला लागू पडली. पहिला भाग तिने खिडकीशी बसून वाचला, दुसरा ताटाशेजारी ठेवून. एकदा जेवताना तिने मध्येच मान वर केली.

"बाबा, धरणाचा दरवाजा एकट्या माणसाला हाताने उचलता येतो?"

लिफ्टवाल्याचा घास हातातच राहिला. किती दिवसांनी तिने काही विचारलं होतं! मग त्याने डब्यांची झाकणं मांडून लहान चाक मोठ्या चाकाला कसं फिरवतं ते इतकं सविस्तर सांगितलं की आमटी निवली.

"विचारलं एक, सुरू झालं पुराण," आई म्हणाली, आणि भांडी घासायच्या निमित्ताने पाठ वळवून तिने डोळे पुसले.

तिसरा भाग अर्ध्यावर आला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळी मुलगी आंघोळीला गेली होती आणि पुस्तक पलंगावर होतं. शटरवाल्या बाईचं ते पान पुन्हा एकदा वाचावं, दिवस बरा जाईल, म्हणून लिफ्टवाल्याने ते उचललं. अंगठा सरकला आणि काही पानं आधीचं एक पान उघडलं. त्यावर काळ्या पट्टीत छापलं होतं: 'याच लेखिकेच्या आगामी मालिकेतील पहिलं प्रकरण, खास आपल्यासाठी.'

ती बाई या गोष्टीतली नव्हतीच.

त्याने त्याच्याही आधीची पानं चाळली. धरणावरची मुलगी कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पोस्टमनने हात पुढे केला होता. तिने गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून काठावर फेकली, एकदा मागे वळून दिव्यांकडे पाहिलं, 'आणि मग तिने', एवढ्यावर मजकूर थांबला होता. खाली कोरा कागद.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे त्यानेच आणलं होतं, स्वतःच्या हाताने, पारखून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. न्हाणीघरातला नळ बंद झाला, तसं त्याने पुस्तक हत्यारांच्या पिशवीत पान्यांच्या खाली कोंबलं.

"बाबा, माझं पुस्तक?" मुलगी ओल्या केसांनी दारात उभी होती.

"त्याची बांधणी सुटली होती. दुकानात शिवायला दिलंय."

"कधी? रात्री तर मी वाचत होते."

"म्हणजे, आता देतोय." आणि बुटांच्या नाड्या न बांधताच तो जिना उतरला.

दुपारी तो एका ऑफिसच्या इमारतीत, लिफ्टच्या खड्ड्यात वंगण लावत होता, तेव्हा बायकोचा फोन आला.

"अहो, ती घरात नाही."

"नाही म्हणजे?"

"मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले होते. खाली आले तर दार उघडं. चपला नाहीत तिच्या. मी शेजारीपाजारी सगळीकडे विचारलं."

तो खड्ड्यातून कसा वर आला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लिफ्टला 'बंद आहे'ची पाटी तेवढी सवयीने अडकवली आणि तो नदीच्या पुलाकडे धावत सुटला. पिशवी पाठीवर आपटत होती. पुस्तक काढून घेतलं, म्हणून तर नाही? की ते आधीच वाचून झालं होतं आणि अर्ध्यावरची खूण उगाच होती? पुलाच्या कठड्याला धरून त्याने खाली पाहिलं. पाणी संथ होतं. दोन माणसं गळ टाकून बसली होती.

"इथे कोणी मुलगी आली होती?" तो वरूनच ओरडला.

त्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. दुकानदारीणबाई होत्या.

"लिफ्टवाले, तुमची मुलगी इथे आलीय. जरा येऊन जा."

"आहे ना? नीट आहे ना?"

"नीट आहे म्हणजे काय, माझ्याशी भांडून झालंय तिचं."

त्याने बायकोला कळवलं, पण नेमकं काय सांगितलं ते त्याच्या लक्षात राहिलं नाही.

मुलगी दुकानात, मांडणीशेजारच्या छोट्या शिडीवर बसली होती. अंगावर घरातले कपडे, केस न विंचरलेले, मांडीवर तिसऱ्या भागाची नवी कोरी प्रत. दुकानदारीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणाली, शिवायला दिलेलं पुस्तक द्या. मी म्हटलं, आम्ही विकतो, शिवत नाही. तर म्हणाली, दुसरं दाखवा. तेव्हापासून बसलीय. घेतही नाही आणि उठतही नाही."

लिफ्टवाल्याने पाहिलं. उजव्या हाताखाली मोजकीच पानं उरली होती. पुढे होऊन हिसकावून घ्यावं असं त्याला मनापासून वाटलं. तो एक पाऊल पुढे गेलाही. मुलीने पुस्तकातून डोकं वर न काढता तळहात उंचावला, आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

तिने पान उलटलं. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिने आणखी एक उलटलं. वाचत ती आता कुठवर पोचली असेल ते त्याला ठाऊक होतं. पाणी कमरेपर्यंत. मग दोरी, मग दिवे. मुलीचं बोट एका ओळीखालून हळू सरकत गेलं आणि थांबलं. ते कितीतरी वेळ हललं नाही.

"बाळा," तो म्हणाला, "ते नुसतं पुस्तक आहे गं."

तिने पान उलटलं. काळी पट्टी पाहिली. पान परत मागे घेतलं, पुन्हा उलटलं.

"हे काय? संपलं?"

"पुढचं चौथ्या भागात," दुकानदारीणबाई म्हणाल्या.

"मग द्या ना चौथा."

"यायचाय अजून. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी!" ती उभीच राहिली. मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. तिचा हा चढा आवाज लिफ्टवाल्याने वर्षभरात ऐकला नव्हता. "ती जाते की नाही?"

"ते कोणालाच माहीत नाही. लेखिका सांगत नाही."

"असं भर पाण्यात माणसाला उभं करून कोणी निघून जातं का?" तिने आधी दुकानदारीणबाईंकडे पाहिलं, मग बापाकडे. "सांगा ना. जातं का कोणी असं?"

मुलीने ओढणीने चेहरा खसखसून पुसला, वाकून पुस्तक उचललं, दुमडलेला कोपरा नीट केला.

"आगाऊ नोंद करून ठेवायची का?" दुकानदारीणबाईंनी जपून विचारलं. "आला की फोन करेन. पण थांबावं लागेल हं."

"थांबेन की. दुसरं काय करणार?" मुलगी चिडूनच म्हणाली. मग तिने आपला नंबर सांगितला. एक आकडा चुकला, तो तिने दुरुस्त केला.

"लागतो ना हा नंबर?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"बंद होता. आज चालू करते."

लिफ्टवाल्याने पिशवी खाली टेकवली आणि तो दुकानाच्या पायरीवर बसला. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. एक बाई लहान मुलाला घेऊन आत यायला बघत होती आणि त्याच्यामुळे खोळंबली होती.

"बाबा, उठा," मुलगी मागून म्हणाली. "लोकांच्या वाटेत बसलात."