गुळाचे एक्केचाळीस सोमवार

मित्रांनो, माझ्या अंगाला शाईचा वास येतो म्हणून लहान मुलं नाक मुरडतात, पण थोडं जवळ या. मी एक जुनं सायक्लोस्टाइल यंत्र आहे. आता पांढुर्ण्यातही झेरॉक्सचं दुकान निघालं आहे, त्यामुळे माझी रीत तुम्हाला ठाऊक नसेल. मेणकागदावर टाइपरायटरने मजकूर ठोकला की अक्षरांच्या जागी बारीक भोकं पडतात. तो कागद माझ्या रुळावर चढवतात आणि हँडल फिरवतात. आतली शाई त्या भोकांतून झिरपते. एक फेरा, एक प्रत. जे चढवलं ते मी छापतो. ते खरं आहे की खोटं, हे विचारायला मला तोंड नाही.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. रेल्वेने हेलकावे खात मी रामाकोन्याच्या एका शाळेत आलो आणि बारा वर्षं तिथे प्रश्नपत्रिका छापल्या. परीक्षेच्या आधी आठवडाभर मला कुलपात ठेवत. शिपाईसुद्धा माझ्याशी जपून वागे. तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही. पुढे माझं हँडल मोडलं, शाळेने नवं यंत्र घेतलं आणि मी दोन वर्षं मोडक्या बाकांखाली पडून राहिलो. उंदरांनी माझ्या झाकणात घर केलं.

पंच्याऐंशी साली भगवंतराव नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि पांढुर्ण्याला आणलं. स्टेशनच्या रस्त्यावर बियाण्याच्या दुकानावर एक खोली होती. दारावर पाटी होती: ‘वायदा शिक्षण वर्ग. बारा धडे. फी तीनशे रुपये.’

वायदा म्हणजे काय, हे मी भगवंतरावांच्या तोंडूनच ऐकलं. दोन-तीन महिन्यांनी द्यायच्या गुळाचा भाव आजच ठरवून सौदा करायचा. गूळ घरी आणायचा नाही. भाव चढला की सौदा विकून टाकायचा, मधला फरक आपला. भाव पडला तर फरक आपल्या खिशातून. वर्गातली मंडळी तर त्याच दिवशी मोकळी होत. सकाळी अकराला परगावच्या दलालाला ट्रंक कॉल लावून सौदा घेत आणि चारच्या आत विकत. मला याचं फार नवल वाटायचं. त्या खोलीत रोज पोत्यांनी गूळ विकला जाई, पण कधी एक मुंगी आली नाही.

भगवंतराव शिकवत मात्र झकास. आलेखाच्या कागदावर भावाची रेघ काढत आणि ती पुढे कुठे वळेल ते खडूने दाखवत. दर सोमवारी ‘या हप्त्याचा अंदाज’ असा एक कागद मी छापायचो. बत्तीस विद्यार्थी तो घडी करून खिशात ठेवत.

मेणकागद टाइप करायला आणि मला फिरवायला प्रमिला होती. तेवीस वर्षांची, नागपूरला टायपिंगची परीक्षा पास झालेली. तिला प्रश्न विचारायची भारी खोड. माझ्यातली पहिली प्रत नेहमी फिकट निघते, ती टाकून देतात. प्रमिला टाकत नसे. खिडकीजवळच्या तारेला ती टोचून ठेवायची. मागची बाजू कोरी असते, कामी येते, असं तिचं म्हणणं.

एक दिवस भगवंतरावांनी तिला जाहिरातीचा मजकूर दिला. मथळा होता, ‘आमचे खरे ठरलेले अंदाज’. खाली सात सोमवार होते, तारखेसकट.

प्रमिलाने टाइप केलं. मग थांबून विचारलं, “सर, एक विचारू का जी?”

“विचार ना.”

“हे तं सात झाले. बाकीचे सोमवार कुठी गेले?”

भगवंतराव हसले. “ते वाचून लोकाईले काय करायचं हाय? तू छाप.”

मी छापले. पाचशे कागद.

त्याच आठवड्यात तिचा मोठा भाऊ देवीदास आला. तो नगरपालिकेच्या पाणीटाकीवर पंप चालवायचा, पक्क्या नोकरीत होता आणि चार महिन्यांपासून या वर्गाला येत होता. त्याने खिशातून हाताने लिहिलेला कागद काढला.

“प्रमिला, हे जरा टाइप करून दे.”

तिने वाचलं. तो राजीनामा होता.

“काहून भाऊ?”

“अकरा ते चार भावावर नजर ठेवा लागते. मी टाकीवर बसून काय ठेवीन? सर म्हणतात, अर्ध्या मनानं करणारा बुडते.”

“मागच्या महिन्यात किती सुटले?”

“अजून शिकून राहिलो ना मी!” देवीदास चिडला. “शिकताना कोणाले सुटते?”

“सोमवारपर्यंत देईन टाइप करून,” प्रमिला म्हणाली आणि तो कागद तिने खणात ठेवला.

मित्रांनो, तिला भगवंतरावांचा संशय आला होता असं समजू नका. ती त्यांना मानत होती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. रविवारी वर्ग बंद असताना ती किल्ली घेऊन आली. तारेवरून सगळ्या फिकट प्रती उतरवल्या. अंदाजांच्या एक्केचाळीस निघाल्या. कोपऱ्यात नागपूरच्या वर्तमानपत्राची रद्दी होती, त्यात रोजचे भाव छापलेले असत. एकेक सोमवार घेऊन ती त्या हप्त्याचा भाव शोधू लागली. अंदाज बरोबर निघाला की उजवीकडे रेघ, चुकला की डावीकडे. दुपारी डबा खायचंही तिला सुचलं नाही. शेवटची रेघ मारून तिने मोजलं आणि पुन्हा मोजलं.

वीस बरोबर. एकवीस चूक.

मग तिने नवा मेणकागद टाइपरायटरमध्ये घातला आणि एक्केचाळीस तारखा, अंदाज आणि खरा भाव असा तक्ता ठोकला. खाली बेरीज लिहिली. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. भगवंतराव चष्मा विसरले होते, तो न्यायला आले होते.

“हे काय करून राहिली तू?”

प्रमिला उठून उभी राहिली. लपवलं काही नाही. “मोजून पाह्यलं, सर.”

मला वाटलं, आता ते तिला जिना दाखवणार. पण भगवंतरावांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि तिच्या हातातून पेन्सिल घेतली. ते स्वतः मोजू लागले. एकेक तारीख, एकेक भाव. त्यांचे ओठ हलत होते. मित्रांनो, एवढे दिवस अंदाज देणाऱ्या त्या माणसाने ते कधीच मोजले नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं. तिसाव्या सोमवारपाशी त्यांनी टेबलावर हात मारला.

“इथं चुकली तू! भाव बुधवारी चढला होता, हे पाहा. हा बरोबर आला!”

प्रमिलाने वर्तमानपत्र पाहिलं. “हो जी. चुकलंच माझं.”

“म्हणजे एकवीस बरोबर. वीस चूक!” त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा खुलला.

“आन् दलाली, सर?” प्रमिलाने हळूच विचारलं. “ते तं घेतानाही द्या लागते, विकतानाही. ट्रंक कॉलही.”

भगवंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

“तुम्ही कोणता सौदा करता सर, एवढ्यात?”

“दोन वर्सं झाले, नाही केला,” ते म्हणाले. “जे होतं ते सगळं गेलं, मंग शिकवणं सुरू केलं. शिकवणं मले चांगलं येते, बाई. मले वाटे, माह्या हातून नाही झालं तरी माह्या पोराईच्या हातून होईन.”

प्रमिलाने टाइपरायटरमधला मेणकागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. फाडायचा तर फाडा, असंच जणू. त्यांनी तो उजेडात धरून वाचला. मग खणातली, चूक बुजवायच्या लाल द्रवाची बाटली काढून तिच्याकडे सरकवली.

“छापाचंच असन तं बरोबर छाप. वीसचे एकवीस कर, एकवीसचे वीस.”

तिने कुंचल्याने जुने आकडे बुजवले, वाळू दिले आणि नवे ठोकले. हँडल तिनेच फिरवलं. भगवंतराव खिडकीशी पाठमोरे उभे होते.

सोमवारी अंदाजाऐवजी तो तक्ता वाटला गेला. मला वाटत होतं, लोक तिचे आभार मानतील. किराणा दुकानाचे नत्थूजी तिच्यावरच खवळले.

“तुले काय पडलं होतं, बाई? आमचा हात आता कुठी बसून राहिला होता!”

अकरा जण वर्ग सोडून गेले. त्यातले काही दुसऱ्या गावी, याहून महाग वर्गाला लागले, हेही मी ऐकलं. देवीदासने तक्ता वाचला आणि बहिणीपुढे हात केला. “माहा कागद दे.” तिने राजीनामा टाइप केला नव्हता, तसाच परत दिला. तो जिना उतरला आणि पुढे महिनाभर तिच्याशी बोलला नाही. त्याने राजीनामा दिला की काय, अशी प्रमिलाला रोज धास्ती असे. मग एका संध्याकाळी तो आला, तेलाचे डाग पडलेल्या टाकीवरच्या कपड्यांतच. हातात त्याची सौद्यांची डायरी होती.

“भाव चढला तेवढंच मी याच्यात लिवत होतो,” तो म्हणाला. “पडला ते लिवलंच नाही. दलालाकडून सगळे कागद मांगून आणले. बस, मोजू.”

दोघं भाऊबहीण मोजायला बसले. निघालं ते चांगलं नव्हतं. चंद्रकला वहिनीच्या पाटल्या त्यात गेल्या होत्या, आणि ते त्याने तिला त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. पण नोकरी सुटली नाही.

दोन महिन्यांनी वर्ग बंद झाला. भगवंतरावांनी मला प्रमिलाला देऊन टाकलं. ते मुलताईला गणित शिकवतात, असं कोणी म्हणतं. त्यांनी तिकडे पुन्हा वायद्याचा वर्ग काढला, असंही कोणी म्हणतं. खरं काय ते प्रमिलाला अजून जाणून घ्यायचं आहे.

आता एकोणनव्वद साल आहे. प्रमिलाने त्याच खोलीत टायपिंगचा वर्ग काढला. माझे रबर सैल झाले आहेत, डाव्या कोपऱ्यात शाई कमी पडते. मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र घरात असेल तर त्यावर कापड टाका, रुळाला तेलाचे दोन थेंब द्या, शाई आत वाळू देऊ नका. मला काम वर्षातून एकदाच असतं, जूनमध्ये, वर्ग सुरू होताना. प्रमिला जाहिरात टाइप करते, माझ्यावर चढवते आणि मी ती आनंदाने छापतो. यंदाची अशी आहे:

‘टायपिंग वर्ग. मुदत सहा महिने. मागच्या वर्षी चौदा मुली शिकल्या. पाच जणींना नोकरी लागली. नऊ जणींना लागली नाही. त्यांची नावं व पत्ते मिळतील. आधी त्यांना भेटून या, मग नाव घाला.’

यंदा सतरा मुलींनी नाव घातलं आहे.