सात मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ गेली एकोणीस वर्षं सात मिनिटं पुढे आहे. ते मीच पुढे केलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान दहाला उघडायचं असतं आणि दहाला तो घरात दुसरा मोजा शोधत असतो, म्हणून. पहिले तीन आठवडे दुकान वेळेवर उघडलं. चौथ्या आठवड्यात त्याने रेडिओवरच्या बातम्या लागताना घड्याळाकडे पाहिलं आणि हिशेब लावला. तेव्हापासून तो घरातल्या प्रत्येक घड्याळातून सात वजा करतो. मनगटावरच्या घड्याळातूनसुद्धा, कारण तेही मीच पुढे केलेलं. विचारलं की मी शांतपणे सांगते, "घड्याळ बरोबर आहे." तो म्हणतो, "हो, बरोबरच आहे," आणि आणखी अर्धा कप चहा ओतून घेतो.

हे सांगताना मला थोडी लाज वाटते. माझी नोकरी तराजू आणि तापमापी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. दुसऱ्यांच्या उपकरणांमधली चूक शोधायची, मोजायची आणि तसा दाखला द्यायचा, हे माझं काम.

नवऱ्याला बावन्नाव्या वर्षी सायकलचं वेड लागलं. आमच्याकडे दर वर्षी एकशेसाठ किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत होते. सकाळी सातला सुटायचं, दुपारी चारच्या आत पोचायचं. मधे दोन नाके असतात, दुसरा एकशेबावीस किलोमीटरवर. बरोबर दीड वाजता तिथे रस्त्यावर दोरी ताणतात. त्यानंतर येणाऱ्याने पाठीवरचा क्रमांक काढून द्यायचा आणि मागून येणाऱ्या गाडीत बसायचं. त्या गाडीला सगळे उचलगाडी म्हणतात. गेल्या वर्षी नवरा उचलगाडीत बसला. गाडीत त्याच्या निम्म्या वयाची चार मुलं तोंडं पाडून बसली होती. हा मात्र ड्रायव्हरशी गप्पा मारत होता, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत त्याने ड्रायव्हरला लांबच्या नंबरचा चष्मा लागणार हे नक्की केलं होतं. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर दुकानात हजर.

पण ती गंमत दुकानापुरती. घरी आल्यावर तो दोन दिवस सायकलकडे बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून निघून गेला आणि मग अकरा महिने रोज जात राहिला. दुकानात अक्षरांच्या तक्त्याच्या वर त्याने एक खिळा ठोकला. वेळेत पोचणाऱ्या प्रत्येकाला मिळतं त्या पदकासाठी.

"पदक मिळायच्या आधीच खिळा?" मी विचारलं.

"फ्रेम आधी निवडतात. काच मग बसते."

तेव्हापासून डोळे तपासायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, तो खिळा कशाचा. तो सांगायचा. म्हणजे शर्यतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत अर्ध्या गावाला ठाऊक होतं की या वर्षी त्याला पदक मिळणार आहे.

शर्यत भरवणारे निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. ते एका संध्याकाळी घरी आले.

"वहिनी, गेल्या वर्षी नाक्यावर वेळेवरून भांडणं झाली. या वर्षी तिथे तुम्ही हव्यात. तुम्ही सख्ख्या भावालाही सोडणार नाही."

"मला भाऊ नाही."

"नवरा तर आहे!" असं म्हणून मास्तर इतके हसले की शिट्टी आपोआप वाजली.

नवऱ्याला फारच आनंद झाला. "वा! नाक्यावर आपलंच माणूस!"

"दीड म्हणजे दीड," मी म्हटलं.

"अगं, वीस-तीस सेकंद इकडे तिकडे..."

"इकडे चालतील. तिकडे नाही."

शर्यतीच्या पहाटे मी चहा ठेवला आणि टेबलावर त्याचं घड्याळ दिसलं. काट्यांचं जुनं घड्याळ. तो ते शर्यतीत सायकलच्या दांड्यावर बांधतो, पण अर्धी शर्यत संपेपर्यंत त्याकडे बघत नाही. फोन पाठीमागच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत, तीन गाठी मारून. मला वाटलं, माणसाला शर्यतीला पाठवायचं आणि हातात चुकीचं उपकरण द्यायचं, हे काही बरं नाही. मी घड्याळ सात मिनिटं मागे घेतलं. सेकंदकाटासुद्धा जुळवला. तो आत आला तेव्हा मी म्हटलं, "घड्याळ बरोबर आहे हं आज."

"हो, नेहमीसारखं," तो म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. मग पंप सापडेना. तो शोधण्यात पंधरा मिनिटं गेली आणि ते वाक्य तिथेच राहिलं. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक मोजणी तीन वेळा घेतो. मी ते वाक्य एकदाच म्हटलं.

नाका म्हणजे एक तंबू, दोन टेबलं, पाण्याचा पिंप आणि रस्त्यावर आडवी टाकलेली पिवळी दोरी. माझ्याबरोबर दातांचे एक डॉक्टर होते. मी वेळ सांगायची, त्यांनी क्रमांकापुढे लिहायची. मागे झाडाखाली उचलगाडी उभी होती. ड्रायव्हर नव्या चष्म्यातून रस्ता बघत होता.

"ताई, मालकांची जागा खिडकीपाशी ठेवलीय," तो म्हणाला.

"रिकामीच राहील ती."

"राहू दे की. माझं काय जातंय?"

साडेबारापर्यंत पुढचे सगळे गेले. मग मधले. एक वाजल्यानंतर सायकली दोन-तीन मिनिटांनी एक अशा येऊ लागल्या. नवऱ्याचा क्रमांक दोनशे सात. पंचाऐंशी किलोमीटरवरच्या पहिल्या नाक्यावरून फोन आला होता की तो तिथून आठ मिनिटं राखून गेला. मी मनात गणित केलं. सव्वा ते एक पंचवीसच्या दरम्यान तो दिसायला हवा होता.

एक वीस झाले. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमचं घड्याळ जरा ऊन खाऊन पळत नाहीये ना?"

"नाही."

एक सत्तावीसला लांब वळणावर कुणीतरी दिसलं. ड्रायव्हरने चष्मा वर-खाली केला. "मालक नव्हेत. हा पोट आत घेऊन चालवतोय."

एक तीस. मी "वेळ" म्हटलं आणि दोरी मीच ताणली, कारण डॉक्टर पाण्याचा पेला हातात धरून उगाच तो रिकामा करत बसले होते.

एक वाजून बत्तीस मिनिटं चाळीस सेकंदांनी नवरा आला. चेहरा असा फुललेला की मला आधी वाटलं, उन्हाने लाल झालाय. दोरीपाशी सायकल थांबवून त्याने एक पाय टेकला.

"दोरी कशाला बांधलीत? ताणायची रंगीत तालीम का?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले.

"चार मिनिटं राखून आलो," तो डॉक्टरांना म्हणाला. "आणखीही लवकर आलो असतो. पण मागे पाण्याच्या थांब्यावर मावशी बसल्यात ना, त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. एका हाताने चष्मा सावरायचा, एका हाताने पाणी ओतायचं. निम्मं पाणी माझ्या बुटात. म्हटलं वेळ आहे, तर स्क्रू आवळून देऊ. दांड्याही वाकड्या होत्या, सरळ केल्या. पाच मिनिटांचं काम."

सायकलच्या अवजारांमध्ये तो चष्म्याचा बारीक पेचकस ठेवतो. पंक्चरचं सामान एकदा विसरला होता, पेचकस कधी नाही.

"एक बत्तीस चाळीस," मी म्हटलं.

"हो, वजा सात."

"नाही. आज नाही."

त्याने दांड्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर आधी गणित दिसलं, मग पहाटेचं स्वयंपाकघर, मग मावशींचा चष्मा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"वहिनी, अडीच मिनिटं तर आहेत," ते हळूच म्हणाले. "मी लिहू का एक एकोणतीस? इथे कोण आहे बघायला?"

खरं तर मला तेच हवं होतं. अकरा महिन्यांच्या पहाटा मी ऐकल्या होत्या. दार हळू लावायचा प्रयत्न करून तो ते रोज जोरात लावायचा. आणि चूक माझी होती. एकोणीस वर्षं मी चुकीच्या घड्याळाला बरोबर म्हटलं, आणि बरोबर म्हणायची वेळ आली तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी नव्हतं. पण एक अठ्ठावीस पन्नासला आलेला तो पोट आत घेतलेला माणूस समोर सावलीत बसून पाय दाबत होता. एक एकतीसला आलेल्या मुलीचा क्रमांक मी काढून घेतला होता, आणि ती रडतच उचलगाडीकडे गेली होती.

"एक बत्तीस चाळीस लिहा," मी म्हटलं. "वळ."

तो वळला. पाठीवर चार पिना होत्या. पहाटे त्या मीच लावल्या होत्या. आता एकेक काढताना जर्सी घामाने चिकटली होती, आणि एक पिन त्याला टोचली.

"आई गं! अपात्र केलंस ते केलंस, वर जखमी कशाला?"

"हलू नकोस मग."

क्रमांक माझ्या हातात आला. ड्रायव्हर आदबीने गाडीचं दार उघडून उभा राहिला. नवरा पेलाभर पाणी प्यायला आणि त्याने दोरीखालून सायकल पलीकडे नेली.

"मालक, गाडी इकडे," ड्रायव्हर म्हणाला.

"रस्ता शर्यतीचा आहे की सरकारचा?"

"सरकारचा."

"मग झालं." तो सायकलवर बसला आणि गेला. पुढे अडतीस किलोमीटर होते आणि त्यात मोठा चढ.

तंबू आवरून मी उचलगाडीतून निघाले. खिडकीपाशीची जागा मलाच मिळाली. चढावर तो सापडला. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम जास्त वेगाने. ड्रायव्हरने गाडी त्याच्या बरोबरीने घेतली.

"बसता का मालक? ताईंनी जागा गरम केलीय."

"पुढच्या वर्षी," तो धापा टाकत म्हणाला. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "आणि बाईसाहेबांना सांग, सावलीच्या बाजूला बसायला."

शेवटच्या रेषेवर हवा भरलेली मोठी कमान होती. चार वाजता शिट्टीमास्तरांनी लांब शिट्टी मारली आणि माणसं कमानीची हवा काढू लागली. मी पदपथावर उभी राहिले. माझ्याकडे कुणी वेळ मागितली नव्हती. तरी मी वही उघडली.

कमान अर्धी खाली आली तेव्हा तो दिसला. मास्तर ओरडले, "अरे थांबा, थांबा, वर धरा!" पण पंप आधीच बंद केलेला. कमान त्याच्या डोक्यापर्यंत लोंबत होती. तो मान खाली घालून, जवळजवळ दांड्यावर आडवा होऊन, तिच्याखालून आला. मास्तरांनी तरीही शिट्टी वाजवली.

तो पदपथावर बसला. त्याने एक बूट काढला, मग दुसरा.

"किती?" शेवटी त्याने विचारलं.

"चार वाजून पाच मिनिटं दहा सेकंद."

"खरे की घरचे?"

"खरे."

तो थोडा वेळ बोटांवर मोजत राहिला. "घरचे असते तर तीन अठ्ठावन्न. म्हणजे वेळेत."

मी वहीत चार पाच दहा असंच लिहिलं. त्याला दुरुस्त मात्र केलं नाही.

"खिळ्याचं काय करणार?" मी विचारलं.

"राहू दे. मावशी उद्या दुकानात येणार आहेत, नवी काच बसवायला. त्यांना खिळा दिसतो का बघू." मग त्याने दांड्यावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे पुढे कर बघू परत."

"सात?"

"दहा कर," तो म्हणाला. "सातची मला सवय झालीय."