सुपारीच्या डबीचं झाकण

"डोळे गच्च मिटा. फटीतनं बघायचं न्हाय, आज्जी," शिवांजली म्हणाली.

इरम्मानं डोळे मिटले आणि डावा हात उताणा करून मांडीवर ठेवला. म्हणजे उजव्या हातानं उचलून ठेवला. डोळे मिटले की तिचे कान आपोआप उघडत. खाली विरुपाक्ष टेलरचं मशीन खडखडत होतं. शेजारच्या कुकरनं दुसरी शिट्टी मारली आणि गप्प झाला. म्हणजे डाळ, भाताला त्या घरात तीन लागतात. मग अनवाणी पावलं फडताळाकडं गेली आणि पितळी डबीचं झाकण करकरलं.

झालं. इरम्माला कळलं. तरी तिनं घाई केली नाही. कपाळाला आठ्या घातल्या, ओठ दाबले, हात अगदी मनापासून विचार करतोय असा चेहरा केला.

"गोल हाय," ती म्हणाली. "लिंबापरीस हलकं. सुपारी."

शिवांजलीनं अशी उडी मारली, की फडताळातल्या वाट्या वाजल्या. नववीतली पोर, उंचीनं आईच्या कानाला लागलेली, पण आनंद झाला की पाच वर्षांची व्हायची. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या रविवारच्या चौकटीत लाल पेनानं बरोबरची खूण केली. आतापर्यंतची अकरावी खूण.

इरम्मानं डोळे उघडले. डाव्या तळव्यावर सुपारी होती. ती तिथं आहे हे तिला दिसत होतं. फक्त दिसत होतं.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी भाकरी थापता थापता हा हात परातीत पडला, तो उचलायचाच राहिला. अर्धांगाचा झटका. महिन्याभरानं पाय बरा झाला, खोलीतल्या खोलीत ती भिंत धरून चालू लागली. पण घर वरच्या मजल्यावर, आणि जिना चौदा पायऱ्यांचा, असा उभा की धडधाकट माणसानंही कठडा सोडू नये. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. चाळीस वर्षं धाराशिवच्या गल्ल्यांतून डोक्यावर कडक भाकरीची पाटी नेणारी बाई दोन खोल्यांत येऊन थांबली.

आणि भाकरी तरी कशा! पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या, सगळ्या एका मापाच्या. खानावळीच्या बजरंगला एकदा हुक्की आली. त्यानं तिच्या परातीतले दहा उंडे एकेक करून काट्यावर टाकले. काटा दहाही वेळा एकाच आकड्यावर थांबला. इरम्मा त्याला म्हणाली होती, "तुमचा काटा बरा हाय की, माझ्या हाताइतकाच." उंडा ती डाव्या तळव्यावर घ्यायची. वजन त्याच हाताला कळायचं.

पहिला महिना तिनं छताकडं बघून काढला. मग तिला ऐकायची गोडी लागली. जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखता येऊ लागलं. सून महेश्वरी एक पायरी सोडून चढते, टेलर प्रत्येक पायरीवर खाकरतो, शिवांजली खाली उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या एकदमच मारते. आठ दिवसांनी एकदा नळाला पाणी यायचं, त्याआधी पाइपात हवा खोकायची. ते खोकणं गल्लीत सगळ्यांत आधी इरम्माला ऐकू यायचं. ती खिडकीतनं हाक द्यायची, "नळ आला गं," की खाली घागरींची झुंबड. बायका आता मान वर करून विचारू लागल्या, काकू, आज येतंय का पाणी? इरम्मा कानोसा घेऊन सांगायची. चुकायची नाही. दहा वाजता खिडकीतनं ऊन आत यायचं, ते पायावर घेऊन ती गल्ली ऐकत बसायची आणि तिला चक्क बरं वाटायचं.

पण त्याआधीची सकाळ मात्र तिला काट्यासारखी टोचे.

गळ्यात चांदीच्या डबीत तिचं इष्टलिंग होतं, लहानपणी दीक्षेच्या वेळी स्वामींनी बांधलेलं. अंघोळ झाली की ते डाव्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि डोळ्यांसमोर धरून अर्धा तास बसायचं. त्याशिवाय पाण्याचा घोट नाही, मग गोळी तर दूरच. आणि साखरेचा आजार, खाणं लांबलं की इरम्माला दरदरून घाम फुटे. स्वामी समाचाराला आले तेव्हा म्हणाले होते, पाटावर ठेवून करा, देव रागवत नाही. इरम्मा मान हलवून हो म्हणाली, पण पन्नास वर्षं हातावर बसलेला देव पाटावर ठेवायला तिचं मन धजेना. आणि ते हातातनं निसटलं तर? हा विचार ती कधी शेवटपर्यंत करत नसे.

मग तोड निघाली. महेश्वरीनं आपला तळवा पुढं करायचा, त्यावर इरम्मानं लिंग ठेवायचं. महेश्वरी वाईट नव्हती. मुलगा सिद्धाराम पुण्याला कंपनीत, घर तिच्यावर, आणि नऊला तिला कापडाच्या दुकानात पोचायचं असे. तिच्या तळव्याला फोडणीचा वास यायचा आणि नजर घड्याळावर असायची. चार मिनिटांत पूजा. इरम्माची नजर लिंगावर ठरेपर्यंत सून म्हणायची, "झालं का, आत्या?"

हे सगळं शिवांजली दाराआडून बघायची. एके दिवशी शाळेतनं येऊन तिनं जाहीर केलं, की हाताला शिकवलं तर हात शिकतो, आजपासून रोज संध्याकाळी डोळे मिटून ओळखायचं. पहिले आठ दिवस एकही बरोबर आलं नाही. नवव्या दिवशी झाकण करकरलं आणि इरम्माच्या तोंडातनं सहज निघून गेलं, "सुपारी व्हय गं?"

पुढचं तिला आवरताच आलं नाही. पोर चौदा पायऱ्या कशा उतरली देव जाणे, खालून सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होती. दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. शिवांजली वर्गात नाव विचारलं तरी बाकाकडं बघून पुटपुटणारी, ती परिपाठाला आपण होऊन उभी राहिली आणि माझ्या आज्जीचा हात जागा झाला म्हणून पाच मिनिटं बोलली. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. त्या दिवसापासून ती बोलायची थांबलीच नाही. वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं, दुकानात मापात खोट दिसली तर भांडून आली, टेलरकाकांना फ्रॉकची बाही उसवायला लावली.

आता हिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून इरम्मा रोज कानानं ओळखत राहिली. लिंबू आलं की फ्रिजचं दार चपकन सुटायचं. किल्ली खिळ्यावरून निघताना किणकिणायची. चमचा तर बोलूनच टाकायचा. फक्त दप्तराच्या खिशातलं खोडरबर तिला कधीच आलं नाही. शिवांजली समजूत घालायची, "लई बारीक हाय न ते. त्येला येळ लागंल." चाळीस वर्षांत एका उंड्याला कमी पीठ न घेतलेली इरम्मा रोज संध्याकाळी एवढ्याशा पोरीला फसवत होती.

त्या रविवारी महेश्वरी स्वयंपाकघरातनं हात पुसत बाहेर आली. कॅलेंडरवरच्या लाल खुणा तिनं बोटानं मोजल्या.

"मग उद्या सोमवारच हाय की," ती म्हणाली. "उद्यापासनं घ्या हातावर, आत्या. लगीनसराई सुरू झाली. मालक कवाचे म्हणतेत आठला या. तुमच्या पूजेपायी न्हाय म्हणत हुते."

आणि तिनं तिथंच फोन लावला, येते म्हणून सांगून टाकलं. इरम्मानं तोंड उघडलं. समोर शिवांजली दोन्ही हात छातीशी धरून उभी होती.

"काय, आत्या?"

"काय न्हाय," इरम्मा म्हणाली.

सोमवारी पावणेआठला महेश्वरीची पावलं एक पायरी सोडून उतरून गेली. घरात दोघीच. इरम्माची अंघोळ झाली होती, कपाळावर भस्माच्या तीन रेघा होत्या, समोर बेलाची तीन पानं, पाण्याचा गडवा. तिनं उजव्या हातानं गळ्यातली डबी काढली, अंगठ्यानं उघडली. इष्टलिंग तेवढ्यापुरतं पाटावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवलं. काळंभोर, गुळगुळीत. शिवांजली समोर मांडी घालून बसली होती, अंघोळ करून, केसांचं पाणी पाठीवर टिपकत. तिची शाळा अकराची, पण ती सहाला उठली होती.

घड्याळात आठ वीस झाले. इरम्मानं बेलाची पानं पुन्हा पुसली. गडवा सरकवला. मानेवर घाम यायला लागला होता. डाव्या हाताची बोटं नेहमीसारखी हळूहळू आत वळत होती. उजव्या हातानं तिनं ती सरळ केली, ती पुन्हा वळली. हा हात असाच वळतो, कधी कधी मनगटातनं एकदम पालथा पडतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. देव पडला तर फरशीवर पडेल. सांगावं. आत्ता सांगावं. पोरीच्या डोळ्यांत नुसता उजेड होता.

"शिवू," ती म्हणाली, "आधी एक डाव खेळू. हाताला जरा सवय."

"चालंल. मिटा डोळे."

इरम्मानं डोळे मिटले. तेवढाच वेळ मिळाला. तिनं हात मांडीवर उताणा केला आणि कान लावले.

खाली टेलरनं शटर वर केलं. कुणाची तरी बादली घासली. शिवांजली उठली नाही. फडताळाकडं पावलं गेली नाहीत. झाकण करकरलं नाही, किल्ली हलली नाही, फ्रिज गप्प. पोर विचार करत असेल, काय घ्यावं. इरम्मा थांबली. बाहेर भाजीवाल्याचा भोंगा आला आणि गेला. अजून काही नाही.

"घाल की गं काय तरी हातावर," इरम्मा म्हणाली.

फक्त अगदी जवळ, हातभर अंतरावर, शिवांजलीचा श्वास ऐकू आला. तो आत गेला आणि बाहेर यायचा थांबला.

इरम्मानं डोळे उघडले.

डाव्या तळव्यावर इष्टलिंग होतं. पाटावरचं कापड रिकामं होतं. पोरीनं तिला नवल वाटावं म्हणून आवाज न करता उचलून अलगद ठेवलं होतं. आणि ते किती वेळ तिथं होतं कोण जाणे, इरम्माच्या समोरच मनगट एका बाजूला कलायला लागलं. ती हाताला थांब म्हणाली. हातानं ऐकलं नाही. उजवा हात पुढं यायच्या आत लिंग तळव्याच्या कडेपर्यंत घरंगळलं.

तिथं शिवांजलीचा हात आला. तिनं आपला तळवा आज्जीच्या तळव्याखाली घातला, बोटांनी तिची बोटं वर वळवली, ओंजळीसारखी. लिंग मागं सरकून मधोमध बसलं.

शिवांजलीनं आधी त्या हाताकडं, मग आज्जीच्या तोंडाकडं बघितलं.

"कवापासनं?" शिवांजलीनं विचारलं. आवाज पूर्वीसारखा झाला होता, बाकाकडं बघून बोलताना व्हायचा तसा.

"पैल्यापासनं."

"सुपारी?"

"डबीचं झाकण करकरतंय."

"लिंबू?"

"फ्रिजचं दार."

शिवांजली म्हणाली, "आन् खोडरबर?"

"त्ये कवा आलं मला?"

शिवांजलीनं कॅलेंडरकडं बघितलं आणि लगेच नजर खाली आणली. खालचा ओठ तिनं दातात धरला होता. पण हात तिनं काढला नाही. मग म्हणाली, "बेल वाहा, आज्जी. गोळीची येळ झाली."

इरम्मानं भस्म लावलं. बेलाचं एकेक पान ठेवलं. मग ते दोन हात उजव्या हाताच्या आधारानं डोळ्यांसमोर धरून ती बसली. खालचा हात दिसत होता म्हणून तो तिथं आहे हे तिला कळत होतं, त्याची ऊब काही कळत नव्हती. पान मधून मधून थरथरत होतं. पोरीचा हात अवघडला असणार. तरी झालं का असं कुणी विचारलं नाही. झटक्यानंतर पहिल्यांदा पूजा अर्धा तास चालली.

त्यानंतर दूध, दोन घास, गोळी. उन्हाचा पट्टा दहाला पायावर आला. शिवांजलीनं गणवेश घातला, वेणी घातली. दप्तर खांद्याला लावून ती दाराशी गेली.

"शिवू," इरम्मा म्हणाली, "परिपाठाला तू खोटं बोलली न्हवतीस. खोटं म्या बोलले."

शिवांजली दारात पाठमोरीच उभी राहिली. मग वळली, फडताळाकडं गेली आणि पितळी डबीचं झाकण चांगलं जोर लावून उघडलं. ते नेहमीपेक्षा लांब करकरलं.

"ओळखा," ती म्हणाली.

इरम्मानं डोळे मिटले. हात मांडीवर उताणा ठेवला. कपाळाला आठ्या घातल्या, ओठ दाबले, पूर्ण वेळ घेतला.

"सुपारी," ती म्हणाली.

"बरोबर."

दार ओढलं गेलं. इरम्मानं डोळे उघडले नाहीत. पावलं जिना उतरू लागली, एकेक पायरी, आज शांत. इरम्मा मोजत होती. नवव्या पायरीवर पावलं थांबली. खाली मशीनही तेवढ्यात थांबलं होतं, दोरा संपला असावा, त्यामुळं जिन्यातलं सगळं वर ऐकू आलं, दाबून धरलेला हुंदकासुद्धा.

मग दहावी. अकरावी. बारावी. शेवटच्या दोन पायऱ्याही तिनं एकेक करूनच उतरल्या.