रिकाम्या मैदानातला आवाज

मोरेलसाहेबांच्या गळ्यात देवाने भोंगाच बसवला होता. फ्रान्समध्ये बचावपटू म्हणून खेळले ती पंधरा वर्षं त्यांनी अख्खी बचावफळी या आवाजावर नाचवली, आणि मॅनेजर झाल्यावरही तेच. दोन क्लबांनी काढून टाकलं होतं. हॉलंडमधल्या ब्रेडाजवळचा हा चिमुकला क्लब तिसरा. चोपन्नाव्या वर्षी चौथा कोण दारात उभं करणार? आणि आज जिंकला नाहीत तर सामान आवरा, असं अध्यक्षांनी तोंडावर सांगितलेलं.

निशिगंधा क्लबची व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट, डेल्फ्टला शिकून इथे लागलेली. कोविडमुळे प्रेक्षक बंद झाल्यानंतरचा हा पहिलाच सामना, आणि तिने एक गोष्ट आधीच हेरली होती.

"कोच, स्टेडियम रिकामं आहे. तुमचं सगळं पलीकडच्यांना ऐकू जातं. त्यांचा नऊ नंबर ब्रसेल्सचा, तुमचे फ्रेंच हुकूम आपल्या पोरांसारखे त्यालाही कळतात. आज ओरडू नका."

"हातांनी खुणा करीन," साहेब म्हणाले.

आणि खरंच, मास्क दातांत धरून गडी जवळजवळ दीड तास गप्प राहिला हो. एक-शून्यने पुढेही होते. वर लॅपटॉपपाशी बसलेल्या निशिगंधाचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला बचावफळी मागे रेंगाळली. साहेबांनी हात हलवले, कुणी बघेना. मग जन्माची खोड उसळली. "पुढे सरका," असं फ्रेंचमध्ये ते जिवाच्या आकांताने ओरडले. नऊ नंबरला ऑफसाइड पकडायला चौघे पुढे धावले. पण त्यानेही ऐकलं होतं. तो त्यांच्याबरोबरच पुढे आला, चेंडू निघेपर्यंत थांबला आणि मग त्यांच्या पाठीमागे मोकळ्या गोलकडे सुटला. बरोबरी झाली.

सामन्यानंतर अध्यक्षांनी गोलची क्लिप मागवली, ती बघून ठरवतो म्हणाले. निशिगंधाने साहेबांना बोलावून घेतलं.

"क्लिपमधला आवाज काढून टाकलाय मी. आता पोरांचीच चूक दिसते."

त्यांनी मुकी क्लिप पाहिली. नोकरी वाचत होती, स्पष्ट दिसत होतं.

"आवाज लाव."

आपली आरोळी त्यांनी तीनदा ऐकली. "पोरं लगेच धावली बघ. प्रेक्षक असतानाही इतका पोचायचा?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. दोन वर्षांची सगळी रेकॉर्डिंग तिने पाहिली होती.

"नाही कोच. तुमच्या बाजूला कुणी वळूनही बघायचं नाही. पोरं आपापलं खेळायची."

"आपण जिंकलो तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

साहेब खुर्चीत बसले.

"आवाजासकट पाठव," ते म्हणाले. "एकदाच तर ऐकलंय पोरांनी माझं."

तिने क्लिप पाठवली.