मामा म्हणजे

मराठी : आईचा भाऊ.

राहीची आई गेली तेव्हा राहीचे दुधाचे दातही पडले नव्हते. बाप गणराज वाशीला गेला, दुसरं लग्न करून तिकडचाच झाला. राहीला भागोजीमामानं वाढवलं. आगरदांडा-दिघी फेरीबोटीवर दोर टाकायचा आणि घरी तिची वेणी घालायचा. वाकडी.

जॉर्जियन : बाप.

जॉर्जियात डॉक्टरी शिकायला गेलेल्या राहीनंच फोनवर सांगितलं. "मामा, इथं बापाला मामा म्हणतात! म्हणजे मी तुला बरोबरच हाक मारायचे."

भागोजीनं बोटीवर सगळ्यांना सांगितलं. उतारूंनाही.

"मंग तिकडंच जाऊन ऱ्हा," बरोबरीचा बुधाजी म्हणाला. "हितं तू मामाच."

चिनी : आई.

हेही तिनंच सांगितलं.

"मंग मी कोन?" भागोजीची बायको नूतन म्हणाली. "आन् आता लगीन ठरलंय, तर कन्यादान कोन करनार, इचारलंस तिला?"

"त्यात काय इचारायचं?"

कोशात नाही :

कन्यादान करणाऱ्या जोडप्यानं उपाशी राहायचं असतं. लग्नाच्या सकाळी दोघांनी चहा परत पाठवला. राहीनं ते पाहिलं.

भागोजीनं तिला बोहल्यावर आणलं, मागं उभा राहिला. अक्षता पडल्या. पाहुणे जेवणाकडे पळाले.

"कन्यादानाला कोण बसतंय?" भटजींनी विचारलं.

भागोजीनं टोपी सारखी केली, नूतनला खूण केली.

"मामा," राही मागं न वळता म्हणाली, "तू आणि मामी जेवून घ्या ना."

"आमचा उपास हाय, बाय."

"माहितीय. सोडा आता. बाबा आलेत."

गणराज नव्या बायकोसह पाटावर बसला. येताना वडखळला वडे खाल्ले होते. अंगठ्याला चटणी तशीच.

"उपास आहे ना?" भटजींनी त्याला विचारलं.

"हो तर."

भटजींनी पाणी सोडलं. चटणी राहीच्या तळहातावर उतरली.

फिलिपिनो : अनोळखी बाप्या.

हे नवरदेवानं, कुलदीपनं सांगितलं. तो जहाजावर असतो. फोटोसाठी उभा असताना मित्रांना म्हणाला, "आमच्या बोटीवरचे फिलिपिनो नाव माहीत नसलेल्या माणसाला मामा म्हणतात."

राही खळखळून हसली. "ऐकलंस का मामा?"

"ऐकला," भागोजी म्हणाला. फोटोवाल्यानं त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

मराठी, पुन्हा :

कन्यादान पुरं होईपर्यंत भागोजीनं तोंडात काही घातलं नव्हतं. कुणीतरी उपाशी असायला हवं होतं. आता तो मांडवामागं गेला. वाढपी टोप उपडा करून घासत होता.

"भात संपला मामा. उशीर केलात."

नूतन खुर्चीवर बसून गार जिलबी चावत होती. तिनं त्याला दिली नाही.

"जॉर्जियाला फोन लाव," ती म्हणाली. "म्हनावं, बाप उपाशी हाय."