पाहुण्यासाठी सजवलेली शाळा

अबिती साइदीने शाळेच्या दारातच शिक्षणखात्याच्या साहेबाच्या हातांवर पाणी घातलं आणि त्याला आत नेलं. भिंती ताज्या लिंपल्या होत्या. बाकं आणि खुर्ची मिशनमधून आणलेली, चटया शेजारच्या गावातल्या. पाहुणा येणार म्हटलं की आपलं फाटकंतुटकं झाकायचं आणि चांगलंचुंगलं मागून आणायचं, ही झोंबा डोंगराच्या पायथ्याची रीतच. ती साहेबाला कोण सांगणार? गावाची प्रमुख म्हणून अबितीनेच वणवण करून सगळं जमवलं होतं. सरकारने अनुदान दिलं तर वायसन मास्तरांना पगार मिळणार होता. नाहीतर ते ऱ्होडेशियाच्या खाणीत जाणार आणि शाळेला टाळं लागणार.

साहेबापुढे मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा आणि कोंबडी आली. चवीने जेवता जेवता त्याने चौफेर पाहिलं आणि खुशीत येऊन इंग्रजीत बोलत सुटला. मास्तरांचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतोय?" अबितीने विचारलं.

"म्हणतोय, अशी झकास शाळा जिल्ह्यात नाही. तुमचं तुम्ही छान चालवताय, मग सरकारी पैसा कशाला?"

"अन् तो पैसा?"

"शेतीखात्याला. शेतात आडवे वरंबे घातले नाहीत की बायकांना दंड करतात ना, ते तपासनीस आणखी नेमायचेत."

"म्हणजे कर आम्ही भरायचा, अन् त्यातून आम्हालाच दंड? वा रे सरकार!"

अबितीच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने नेसूची गाठ आवळली आणि दारात जाऊन बायकांना हाक मारली.

"जे जिथून आणलंय ते उचला गं. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पाहुणा जेवतोय की!"

"जेवू दे."

बायका आत शिरल्या. बाकं गेली, चटया गेल्या. मुलं उघड्या जमिनीवर बसली, रोज बसायची तशी. एकीने साहेबाच्या खुर्चीची पाठ धरली, तसा तो ताट हातात घेऊन भांबावून उठला. लालबुंद होऊन तो मास्तरांवर खेकसला. मास्तरांनी बायकांना थांबवलं नाही.

दुसरीने त्याच्या ताटाला हात घातला, तेव्हा मात्र अबितीने तिला अडवलं.

"जेवण राहू दे. तेवढं आमचं स्वतःचं आहे. मास्तर, हे त्याला नीट सांगा."