एका उशीवरची दोन डोकी

मित्रांनो, मी शिसवी लाकडाची जुनी फणी. माझे बरेच दात पडले आहेत आणि उरलेल्यांत धूळ भरली आहे. कौलांखाली, वाशाच्या फटीत मी पडून आहे. इथे मला कोणी ठेवले आणि का, ते तुम्हाला सांगते. ज्यांना सांगायला हवे होते, त्यांना मला सांगता आले नाही.

एका कारागिराने बारीक करवतीने माझे दात कापले. एका बाजूचे विरळ, दुसऱ्या बाजूचे इतके दाट, की त्यातून ऊ सुटू नये. अलिबागच्या बाजारात रहिमुन्निसाने मला विकत घेतले. १९२८ साल असेल. थळजवळच्या नारळीच्या वाडीत तिचे घर होते. नवरा यूनुस बोटीवर खलाशी. वर्ष वर्ष घरी येत नसे. घरात ती, तिची लहानगी तैयबा आणि यूनुसची थोरली विधवा बहीण शहरबानू. शहरबानू गावातल्या मुलींना कुराण शिकवी. भावाच्या घरात राहणाऱ्या त्या बाईजवळ गावाने दिलेल्या मानाखेरीज दुसरे काही नव्हते.

तैयबाचा फूफीवर, म्हणजे आपल्या या आत्यावर, फार जीव. रोज फूफीच्या कुशीत, तिच्याच उशीवर डोके ठेवून ती नबींच्या गोष्टी ऐकत झोपे.

तैयबाच्या डोक्यात उवा झाल्या आणि माझे काम सुरू झाले. रहिमुन्निसा तिच्या केसांना खोबरेल चोपडी, खाली पांढरे फडके पसरी आणि मला मुळापासून टोकापर्यंत ओढी. उवा फडक्यावर पडत. लिखा मात्र केसाला घट्ट चिकटून असतात. त्या ती नखांनी ओढून काढी. राहिलेल्या लिखा आठवड्याभरात फुटतात, म्हणून ती मला पुन्हा पुन्हा हातात घेई. डोके साफ होई. आणि थोड्याच दिवसांत त्यात पुन्हा मोठ्या उवा चालताना दिसत.

“ही पोर घान हाय,” शहरबानू म्हणे. “घरात कुनाला न्हायत, हिलाच कशा?”

मित्रांनो, ऊ घाण आणि स्वच्छ असा भेद करत नाही. तिला उडता येत नाही की उडी मारता येत नाही. डोक्याला डोके लागले, की ती चालत पलीकडे जाते.

रहिमुन्निसाच्या मनात ते कधीतरी आले असावे. एके दिवशी ती भीतभीत म्हणाली, “आपा, रागावू नका. एकदा तुमच्याबी केसांतनं फनी फिरवू काय?”

शहरबानूचा चेहरा लालबुंद झाला. “माझ्या? माझ्या डोक्यावरची ओढनी कधी कुनी ढळलेली बघितली न्हाय, आन तू त्यात उवा शोधतेस? हज्जामाला बोलव. पोरीचे केस उतरवून टाक.”

हज्जाम मागच्या पडवीत आला. “अम्मा, नको ना! मी रोज फनी करून घेईन!” तैयबा ओरडत होती. रहिमुन्निसाने तिचे हात धरून ठेवले आणि तोंड दुसरीकडे फिरवले. दुसऱ्या दिवशी धड्याला आलेल्या मुली तैयबापासून दूर सरकून बसल्या.

केस बोटभर वाढले. पुन्हा उवा.

एका दुपारी मायलेकी विहिरीवर गेल्या होत्या. शहरबानूने दार लावले, मला घेतले आणि स्वतःचे पिकलेले केस मोकळे केले. पहिल्याच ओढीला फडक्यावर उवा पडल्या. मग आणखी पडल्या. ती बघतच राहिली. “या अल्ला,” ती पुटपुटली.

मला वाटले, आता सगळे सुटलो! आता ही रहिमुन्निसाला हाक मारील, दोन्ही डोकी एकदमच विंचरली जातील, आणि सगळे मिटेल. पण शहरबानूने ते फडके चुलीत घातले. मग पेटीवर चढून तिने मला या फटीत खुपसले.

झोपायच्या वेळी तैयबा नेहमीसारखी तिच्या अंथरुणाशी आली.

“आजपास्नं तू दाराजवळ नीज,” शहरबानू म्हणाली.

“का, फूफी?”

“तुला उवा हायत.”

फूफी तिला आपल्या डोक्यातल्या उवांपासून वाचवू पाहत होती, असे मला आजही वाटते. पण खरे तिच्या तोंडून निघाले नाही.

फणी हरवली म्हणून मार तैयबानेच खाल्ला. हज्जाम पुन्हा आला. या खेपेला तिचे हात कोणाला धरावे लागले नाहीत. ती आपणहून त्याच्यासमोर जाऊन बसली.

त्यानंतर तिच्या डोक्यात उवा झाल्या नाहीत, कारण आता ती एकटी झोपत होती. घरात सगळे म्हणाले, वस्तऱ्याने गुण आला. शहरबानू मात्र कोणी नसले, की ओढणीखाली हात घालून डोके खाजवी. मी वरून बघत असे.

तैयबाचे केस पुढे कमरेपर्यंत आले. एकदा आईने मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशी ती चटकन मागे सरली. “नको, अम्मा. तुला उवा लागतील.”

मित्रांनो, घरात एका डोक्यात ऊ सापडली, तर फणी सगळ्यांच्या डोक्यांतून फिरवा. आणि सुरुवात सगळ्यांत मोठ्या माणसापासून करा.